सर्व्हर सुरू झाला, हे कसं ओळखावं

मी काय काम करते हे सांगायला लागलं की समोरच्याचा चेहरा दुसऱ्याच वाक्याला पडतो, म्हणून एका वाक्यात उरकते. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम कसा बसवायचा, याची पानं मी लिहिते. बस्स. हा प्रोग्राम म्हणजे वेबसाइट बनवायची एक स्क्रिप्टिंग भाषा. ती बसवायची असते वेब सर्व्हरवर, म्हणजे कुणी पान मागितलं की ते पुढं करणाऱ्या प्रोग्रामला जोडून. भाषा फुकट मिळते, तिची पानं फुकट मिळतात, आणि ती पानं लिहिणारी आमच्यासारखी जगभरची माणसंही फुकटच राबतात. मूळ पानं इंग्रजीत असतात. त्यातल्या इन्स्टॉलेशनच्या प्रकरणाची मराठी आवृत्ती मी सांभाळते. मी म्हणजे मी एकटी, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या धुण्याखाली बसून.

सांभाळते हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. लोकांना वाटतं, एकदा लिहिलं की झालं. अहो, कसलं झालं! भाषेची नवी आवृत्ती आली की फाइलचं नाव बदलतं, फोल्डर बदलतो, कुठली तरी सेटिंग कायमची गायब होते, आणि मी बसते आपली तांदळातले खडे निवडल्यासारखी एकेक ओळ निवडत. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की ही बाई लग्नाचा वाढदिवस विसरते, पण नवी आवृत्ती कधी येणार ते विसरत नाही. खोटं नाही. पण मी काय करू, लग्नाच्या वाढदिवसाला फोल्डर बदलत नाहीत.

सुरुवात भांडणातून झाली. माझी बहुतेक चांगली कामं भांडणातूनच सुरू झालीत. तेव्हा मी एका कॉलेजात शिकवायची. प्रॅक्टिकलला पोरं ते इंग्रजी पान उघडून बसायची आणि तिसऱ्या पायरीला सगळी लॅब ठप्प. एकदा मी ते पान नीट वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथं लिहिलं होतं, आता फक्त नेहमीप्रमाणे सेटिंग करा. अरे बाबा, ज्याला नेहमीचं माहीत आहे तो तुझं पान कशाला वाचत बसेल? ते पान लिहिणाऱ्या मंडळींना मी एक जहाल मेल धाडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी गोड. तुमचं म्हणणं पटलं, तर तुम्हीच दुरुस्त करा ना. आणि तुमच्या भाषेतली आवृत्ती रिकामीच पडलीय, तीही घ्या. झालं. मी भांडायला गेले आणि गळ्यात काम अडकवून घेऊन आले.

पहिल्या वर्षी मी मराठीची जी काही वाट लावली ती आठवली की आजही कानशिलं तापतात. फाइलला संचिका, फोल्डरला निर्देशिका, इन्स्टॉल करण्याला अधिष्ठापन. ‘संचिका निर्देशिकेत स्थापित करून अधिष्ठापन पूर्ण करावे.’ वाचून मलाच वाटायचं, आता शंख फुंकायचा का काय. वर्गातल्या एका मुलीनं शांतपणे विचारलं, मॅडम, ह्याचं मराठी कुठं मिळेल? त्या दिवशी घरी येऊन मी सगळं खोडलं. फाइलला फाइल, फोल्डरला फोल्डर, आणि बाकीचं आपण बोलतो तसं.

पुढं कॉलेज सुटलं, घरून करायची नोकरी लागली, पण पानं काही सुटली नाहीत. दहा-बारा वर्षं झाली असतील. आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मंडळींतल्या सगळ्यात जुन्या गृहस्थांचा मेल आला. हे गृहस्थ कुठल्याशा बर्फाळ देशात राहतात, शब्द मोजून लिहितात, आणि मी त्यांना मनातल्या मनात हेडमास्तर म्हणते. त्यांनी लिहिलं होतं की ज्या आवृत्त्या कुणी वाचत नाही त्या काढून टाकायचं ठरतंय. मराठीबद्दल आजवर एक तक्रारसुद्धा आलेली नाही. तक्रार नाही याचा अर्थ वाचक नाही. तेव्हा महिनाअखेरपर्यंत असा एक माणूस दाखवा, ज्यानं कुणाच्याही मदतीशिवाय, फक्त मराठी पान वाचून, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळं बसवलंय. त्यानं काय काय केलं त्याची नोंद पाठवा. नाहीतर मराठी आवृत्ती बंद.

मी त्या मेलला मनात पन्नास उत्तरं दिली, सगळी शिव्यांसकट. पण खरं सांगू? माणूस काही चुकीचं बोलत नव्हता. मला स्वतःला एकही वाचक माहीत नव्हता.

जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. एक जण शिरवळला कंपनीत, दुसरा पुण्यात, तिसरी बंगळुरात. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, मॅडम, आम्ही तर व्हिडिओ बघतो. एकानं तर विचारलं, मॅडम, हे मराठीत पण असतं? दोन वर्षं त्याला मीच शिकवलेलं, कपाळाला हात लावला. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना विचारायची सोय नाही, ते मला प्रिंटर दुरुस्त करणारी समजतात. असं करता करता महिन्याचा शेवटचा आठवडा उरला, आणि मला आबा आठवले.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याजवळ आमच्या गावात आईबरोबर राहतात, ऊस आहे, थोडा भाजीपाला आहे. त्याआधीची सगळी उमर फौजेत, सिग्नलमध्ये गेली. डोंगरातून टेलिफोनच्या तारा ओढायच्या, तुटल्या की शोधून जोडायच्या. सुभेदार होऊन रिटायर झाले, पण ते आपलं कागदोपत्री. आमच्या घरी अजून चहा चार वाजता होत नाही, सोळाशे वाजता होतो. माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे आहे. त्यावर ते कुस्त्या बघतात आणि नातवंडांचे फोटो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा माणूस रिपोर्टमध्ये खोटं लिहिणार नाही. पोटच्या पोरीसाठीसुद्धा नाही.

फोन करून सगळं सांगितलं. मराठी बंद पडेल म्हटल्यावर पलीकडून थेट फौजी आवाजात प्रश्न आला की हजर कधी व्हायचं. म्हटलं, तुम्ही कुठं येऊ नका, मीच येते.

शनिवारी पहाटेची एसटी धरून गावात पोचले. आबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलासमोर ताठ बसलेले. लॅपटॉप पुसलेला. शेजारी वही, पेन, मनगटातलं घड्याळ काढून वहीवर ठेवलेलं. मी छापून आणलेली पानं त्यांच्या हातात दिली आणि नियम सांगितला. मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही अडलात तरी नाही, चुकलात तरी नाही, लॅपटॉपमधून धूर आला तरी नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. चुलीपाशी आई भाकरी थापत होती, ती म्हणाली की ही पोरगी गप बसणार म्हणजे आज सूर्य कुठनं उगवलाय ते बघाय पायजे.

आणि काय सांगू, पहिल्या सात पायऱ्या अशा झाल्या की मी हवेत तरंगायला लागले. आबा एक ओळ मोठ्यानं वाचायचे, काम करायचे, घड्याळ बघायचे आणि वहीत लिहायचे. ‘०९१२. फाइल उतरवून घेतली. ओके.’ ‘०९२०. फोल्डर सांगितल्या जागी ठेवला. ओके.’ सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढायचा असतो. तो काढताना तर त्यांनी चष्मा पुसला, श्वास रोखला आणि बाँब निकामी करावा तसा तो काढला. मी मनातल्या मनात हेडमास्तरांना मेल लिहायला घेतला होता. त्यात पहिलंच वाक्य फार उर्मट होतं.

मग आली आठवी पायरी, काळ्या खिडकीची, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून द्यायचे त्या खिडकीची. ‘काळ्या खिडकीत खालची आज्ञा टाइप करा आणि एंटर दाबा. सर्व्हर सुरू होईल.’ आबांनी एका बोटानं, अक्षर न अक्षर ताडून आज्ञा टाइप केली. एंटर दाबलं. हात मांडीवर ठेवून बसले.

काहीच झालं नाही. म्हणजे तसं सगळं झालं होतं. हा सर्व्हर असाच आहे. बिघडला तर बोंब मारतो, नीट सुरू झाला तर तोंडातून शब्द काढत नाही. काळ्या खिडकीत एक बारकी रेघ लुकलुकत राहते, बस्स. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. मला तर इतकं ठाऊक होतं की ते लिहायचं असतं, हे दहा वर्षांत कधी डोक्यातच आलं नाही.

आबांनी वहीत लिहिलं, ‘०९५०. आदेश पाळला. उत्तराची वाट पाहत आहे.’ आणि वाट बघायला लागले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आईनं चहा आणला, तो निवला. वीस मिनिटं. मी दाराच्या चौकटीला टेकून ओढणीचं टोक चावत होते. पुढची पायरी त्याच पानावर खाली लिहिलेली होती हो. नुसती नजर खाली गेली असती तरी चाललं असतं. पण या आदेशाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा आदेश वाचायचा, हे त्या माणसाच्या रक्तात नाही.

मग ते उठले. कपाटातून चामडी पिशवी काढली, त्यातून पक्कड काढली, आणि मला सगळं कळलं. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं मी. सिग्नलमध्ये निरोप धाडला आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर निरोप पोचला नाही असं धरायचं. आधी आपला सेट बघायचा, मग जोडण्या बघायच्या, आणि तरीही शांत असेल तर उठायचं आणि लाइन धरून चालायला लागायचं, तुटलेली जागा सापडेपर्यंत. आबांनी लॅपटॉप हलवून बघितला, चार्जरची पिन दाबून बघितली. आणि पक्कड घेऊन घराबाहेर पडले.

आमच्याकडं इंटरनेटची तार रस्त्यावरच्या खांबापासून येते. उसाच्या बांधाबांधानं, मग दोन शेवग्यांना बांधलेली, मग खिडकीतून आत. त्या तारेचा आणि त्या सर्व्हरचा काडीचा संबंध नव्हता. सर्व्हर लॅपटॉपच्या आतच होता. तार मधूनच तोडून फेकून दिली असती तरी तो सुखानं चालला असता. हे मला माहीत होतं, आणि मला बोलायची बंदी होती, आणि बंदी घालणारी मीच.

तर अशी आमची वरात निघाली. पुढं आबा, तारेवर हात ठेवून, मान वर. मागं मी, तोंडावर बोट. माझ्या मागं आमचं कुत्रं, त्याला काय वाटलं त्याला ठाऊक. बांधावर चुलते उसाला पाणी देत होते. त्यांनी विचारलं, आवं सुभेदार, लाइन गेली का. आबा म्हणाले, सर्व्हर उत्तर देईना. चुलत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातवारे केले, मान हलवली, तार दाखवली, घर दाखवलं, परत मान हलवली. त्यांना त्यातून जे समजायचं ते समजलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या तीन बायका आईला विचारून गेल्या की लेकीनं मौन कशासाठी धरलंय, कुठला नवस बोललीय.

दुसऱ्या शेवग्यापाशी आबा थांबले. तारेवरचं प्लॅस्टिक एका जागी खारीनं कुरतडलेलं होतं. आबांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. रिटायर होऊन किती वर्षं झाली, आणि आज त्यांना लाइनवर फॉल्ट सापडला होता. शिडी आणली, टेप गुंडाळली, दोन वेळा ओढून बघितली. येताना तर शीळ घालत आले. हातपाय धुऊन, शर्ट नीट करून टेबलाशी बसले आणि पडद्याकडं बघितलं. रेघ लुकलुकत होती. मला हसू आवरेना, आणि त्यांचा उतरलेला चेहरा बघून जीवही तुटत होता. दोन्ही एकदम होत होतं. मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

जेवायला उठायला ते तयार नव्हते, ड्यूटीवर होते. आईनं ताट टेबलावर आणून आपटलं. तेराशे वाजता त्यांनी रिपोर्ट लिहिला, खाली सही केली आणि वही माझ्यापुढं ठेवली. मी तो शब्दशः देते. ‘पायरी आठ. आदेश पाळला. उत्तर नाही. लाइन तपासली. एका ठिकाणी खारीने नुकसान केले होते, दुरुस्त केले. तरी उत्तर नाही. सर्व्हर सुरू झाला हे कसे ओळखावे, ते कागदात लिहिलेले नाही. कागद अपुरा. काम थांबवले.’

आता मला राहवलं नाही. मी ओरडले की आबा, तो सुरू झालाय, सकाळी नऊ पन्नासपासून सुरूच आहे. त्यांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा पक्कडीकडं.

“मग तसं लिहायचं न्हाईस व्हय?” ते म्हणाले.

आई हसायला लागली, मग आबा, मग मी, आणि तिघांची नुसती मुरकुंडी वळली. आबांना तर ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पण हसू ओसरलं तशी मी भानावर आले. माणूस मिळाला होता आणि पान नापास झालं होतं. मी हळूच म्हटलं, आबा, दोनच पायऱ्या उरल्यात. आत्ता करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पूर्ण झालं म्हणून लिहू. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“तू बोललीस. मदत झाली. आता ह्ये माझं काम ऱ्हायलं न्हाई,” ते म्हणाले. “आन् हा रिपोर्ट हाय असाच जायाचा, तुझ्या त्या सायबाकडं.”

मला राग आला, लपवत नाही. त्यांचा नाही, माझाच. नेहमीप्रमाणे या एका शब्दावरून मी परक्या माणसांशी भांडले होते, आणि स्वतः दहा वर्षं तेच करत आले होते, फक्त तो शब्द न वापरता. जे मला नेहमीचं होतं ते मी गाळलं होतं. शिकलेल्या पोरांनी ते अंदाजानं भरून काढलं असेल, नाहीतर कंटाळून व्हिडिओ लावला असेल. अंदाज न करणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला होता.

सगळा रविवार मी वही समोर ठेवून पान नव्यानं लिहिलं. प्रत्येक पायरीखाली दोन ओळी घातल्या. एक, ‘आता असं दिसेल’. दुसरी, ‘तसं दिसलं नाही तर’. आबा शेजारी बसून शंका काढत होते, आणि शंका काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? फाइल ठेवली, पण ठेवली गेली हे कसं कळणार? नाव दिलं, पण कॉम्प्युटरनं ते तसंच घेतलं का? एकेका शंकेला मी आधी चिडत होते आणि मग मुकाट लिहीत होते.

पण आता वाचणार कोण? आबांना सगळं माहीत झालेलं. सोमवार हा महिन्याचा शेवटचा दिवस. चुलत्यांना विचारावं तर त्यांना चष्मा लावूनही वाचता येत नाही. आम्ही दोघं नावं काढत बसलो होतो, एवढ्यात आई पदराला हात पुसत पुढं आली आणि म्हणाली, मी बघू का?

आई सातवी शिकलेली. पाचवीपासून इंग्रजी होतं, तेवढी एबीसीडी येते, पुढचं काही नाही. नातवंडांचे फोटो बघताना माउस धरायला शिकली होती. मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, तुला न्हाई जमायचं, मला जमलं न्हाई. बस्स, तिथंच काम झालं. आमच्या आईला काही करायला लावायचं असेल तर एवढं वाक्य पुरतं.

“जमतंय का न्हाई ते कागदाला ठरवू द्या,” ती म्हणाली.

सोमवारी दुपारी, भांडी आवरून, आई बसली. आबांनी केलेलं सगळं मी आधी पुसून लॅपटॉप कोरा केला होता. आता नियम दोघांना. मी एकवेळ गप्प बसेन, पण आबांचे हाल बघवत नव्हते. सगळं येत होतं आणि सांगता येत नव्हतं. उभे राहायचे, बसायचे, खिडकीत जायचे, खाकरायचे. तिसऱ्या पायरीला ते टेबलाच्या कडेवर बोटानं टकटक करायला लागले. मी नीट ऐकलं तर ते मोर्स होतं, तारेवरून निरोप धाडायची टकटकीची भाषा. मी डोळे वटारले. आईनं मान वर न करता सांगितलं, आवं, ती टकटक बंद करा, मला वाचू द्या. आबांची रवानगी दाराबाहेरच्या पायरीवर झाली, दाराकडं पाठ करून.

आई आबांसारखी घड्याळ बघत नव्हती. पोथी वाचावी तशी सावकाश, बोट ठेवून वाचत होती. काम झालं की ‘आता असं दिसेल’ वाचायची, पडद्याकडं बघायची, आणि दोन्ही जुळलं की हूं म्हणायची. अर्धविराम तिनं एका फटक्यात उडवला. आठवी पायरी आली. तिनं एंटर दाबलं आणि खालची ओळ मोठ्यानं वाचली. ‘आता काहीच दिसणार नाही. नुसती एक रेघ लुकलुकत राहील. याचा अर्थ सर्व्हर सुरू झाला. ही खिडकी बंद करू नका, पुढं चला.’ तिनं पडद्याकडं बघितलं. काही दिसत न्हाई, म्हणाली, बरोबर हाय. आणि पुढं गेली. बाहेर पायरीवर आबांची पाठ हसून हलायला लागली.

आता शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या होत्या. एका ओळीची फाइल बनवायची, तिला सांगितलेलं नाव द्यायचं आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकायचा. तिनं टाकला. पडद्यावर आलं की पान सापडत नाही.

मला दिसत होतं काय झालंय ते. कॉम्प्युटरनं फाइलच्या नावामागं आपली एक शेपटी चिकटवली होती, टीएक्सटी म्हणून. नेहमीचा घोळ. नुसतं बोट दाखवलं असतं तरी मिटलं असतं. आई थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी भिंतीकडं बघायला लागले. हेडमास्तर, मराठी, दहा-बारा वर्षं, सगळं त्या एका शेपटीला लटकलं होतं, आणि माझ्या हाताची घडी इतकी घट्ट होती की बोटं बधिर झाली. बराच वेळ गेला. मग आईचं बोट कागदावर खाली सरकलं. ‘तसं दिसलं नाही तर’, तिनं वाचलं. ‘फाइलच्या नावाच्या शेवटी आणखी काही अक्षरं चिकटलीत का बघा. असतील तर ती खोडा.’ तिनं फोल्डर उघडला, नाव बघितलं, शेपटी खोडली. ती अक्षरं कुणी घातली म्हणून कॉम्प्युटरला एक शिवीही दिली. परत पत्ता टाकला, एंटर दाबलं.

आणि आलं! भाषा बसली की एक लांबलचक पान उघडतं, स्वतःची सगळी कुंडली सांगणारं, तक्त्यावर तक्ते. ते आलं. आई माउस फिरवत खाली खाली गेली, ते संपेचना. मग तिनं कागद उलटून बघितला, मागं काही नव्हतं.

“झालं?” ती म्हणाली. “एवढंच?”

इन्स्टॉलेशनच्या पानाला याच्यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मी उडी मारली, खरंच मारली, या वयात. आईला खुर्चीसकट मिठी मारली. आबा आत येऊन तिला कडक सॅल्यूट ठोकून मोकळे. आई लाजली आणि म्हणाली की सोडा, म्हशीची वेळ झाली.

संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट पाठवले. आबांचा नापासाचा आधी, त्यांची तशी अटच होती. त्याखाली आईचा. तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, तीन ओळी. कागद वाचला, तसं केलं, तसं दिसलं. मी ते इंग्रजीत करून धाडलं आणि सोबत वहीच्या पानांचे फोटो.

मंगळवारी परत निघाले. एसटी कराडच्या स्टँडवर थांबली होती, तेव्हा हेडमास्तरांचं उत्तर आलं. मराठी आवृत्ती राहील. ‘आता असं दिसेल’ ही ओळ मूळ इंग्रजी पानातही घालायची आहे, ती तुम्हीच लिहा. आणि सुभेदारांना कळवा, शिकाऊ असताना त्याच पायरीला मी स्वतः एक अख्खी दुपार वाट बघत बसलो होतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी स्टँडवर मोठ्यानं हसले. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.

घरी फोन लावला. आबा शेतात होते, आईनं उचलला. मराठी राहिली म्हणून सांगितलं तर ती बरं झालं म्हणाली, आणि गावातलं सांगायला लागली. आज सकाळी बायका जमल्या होत्या, मौनाचं विचारायला. इतकी वर्षं त्या हिला विचारतात की तुझी लेक काय करती, आणि ही सांगायची की कॉम्प्युटरचं कायतरी, आपल्याला न्हाई कळायचं. आज परत विचारलं.

“मग काय सांगितलंस?” मी म्हटलं.

“म्हणलं, ती लिहिती. मी वाचलं, आन् मला समदं कळलं.”

गाडी कराडातून सुटली, मलकापूर मागं पडलं, तरी मी फोन कानाला धरून बसले होते. आई केव्हाच म्हशीकडं गेली होती.